पाठ केलेली चव

९ जानेवारी

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. चाळिशी ओलांडलेल्या, शहरभर लोकांना चष्मे लावणाऱ्या माणसाला मी अजून ठोंब्या म्हणते म्हणून तुझी बायको मनातल्या मनात मला बोल लावत असेल. पण हे नाव मामाने, म्हणजे तुझ्याच वडिलांनी ठेवलंय. ते बदलायचा अधिकार आतेबहिणीला नाही.

या पत्राबरोबर एक खोका येईल. त्यात चार लहान बाटल्या आहेत, प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. झालंय असं, की आमच्या मालकांनी यंदा नवं खूळ काढलंय. आमच्या वाइन म्हणजे लोकांनी वर्षातून एकदा घ्यायच्या आणि बूच काढताना हात थरथरावा अशा. आता त्यांना रोजच्या जेवणाबरोबर घेता येईल अशी लाल वाइन हवी आहे. दोन-तीन जातींच्या द्राक्षांची एकत्र केलेली, खिशाला झेपणारी, पण आपण स्वस्त आहोत असं तोंडावर न सांगणारी. ते मिश्रण जमवायचं काम माझ्याकडे आलंय.

जाणकारांची मतं माझ्याकडे ढीगभर पडली आहेत. मला अशा माणसाचं मत हवंय, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तू. दोघांनी मिळून घ्या आणि मनात येईल ते लिही. लाजू नकोस. फक्त वासाबद्दल भरपूर लिही, चवीबद्दल थोडं लिहिलंस तरी चालेल. आणि चार लोकांत बोलू नकोस, धंद्यातली गोष्ट आहे.

तू विचारलं होतंस म्हणून सांगते, ताप मागेच उतरला. आता ठणठणीत आहे.

तुझी ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. खोका आला. टपालवाल्याने आत किणकिण ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्याला 'बहिणीने पाठवलंय' असं उगीचच सांगावं लागलं.

रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे मी डोळे तपासतो तिथेच, आम्ही बैठक मांडली. ही म्हणाली, पेशंटच्या खुर्चीत मी बसणार. मग मी एकेक ग्लास पुढे केला.

हिरवा दोरा. वास नव्या चपलांच्या दुकानासारखा, आणि चामड्याच्या मागे कुठेतरी काळे आलुबुखार. तोंडात घेतल्यावर दात कोरडे पडले. परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं. निळा दोरा म्हणजे जॅम उकळत असलेल्या पातेल्यावर वाकल्यासारखं. आधी फार आवडली, पण गोडगोड बोलणारा पाहुणा असतो ना, दहा मिनिटांनी त्याने उठावं असं वाटतं. पिवळ्याला नुकत्या कुटलेल्या मिऱ्यांचा वास आहे, मागे सुताराच्या दुकानातला भुसा. लाल दोऱ्याला आधी वासच नाही असं मी म्हणत होतो, पण हिने ग्लास तळहातात धरून ठेवला. मग इस्त्रीच्या कपड्यांसारखा कोमट वास आला आणि खूप लांबून चेरी. ती बिचारी एकटी काही करू शकेल असं वाटत नाही.

ताई, खरं सांगू? माझ्या साडूच्या घरी वाइन निघते तेव्हा मी ग्लासाकडे बघत गप्प बसतो. तो नावं घेत सुटतो, आणि आपण काही बोललो तर हसं होईल असं वाटतं. तू विचारलंस म्हणून पहिल्यांदा तोंड उघडलं. ही म्हणाली, 'तुम्हाला एवढं बोलता येतं?'

हिने घरी केलेल्या साबणाच्या दोन वड्या पाठवतोय. कुठली जास्त आवडली ते तिला कळव.

तुझा ठोंब्या


२८ जानेवारी

चि. ठोंब्या,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटायला आल्या. असंच लिहीत जा.

आता पुढचं. नव्या खोक्यातल्या बाटल्यांत मी चारांची वेगवेगळी मिश्रणं केली आहेत. या वेळी तुझ्या धंद्यातली पद्धत वापर. भिंग बदलून 'हे बरं की हे?' विचारतोस, तसं दोन-दोन समोर ठेव आणि मला सांग. कशातला जॅम पुढे येतोय, मिरी कुठे हरवतेय, चेरी दिसते का. आंबट किती, तुरट किती हे माझ्यावर सोड, ते जिभेचं काम मी बघते. तू नाकाचं सांग.

साबण पोचले. दोन्हींचा वास इतका छान आहे की कुठला निवडावा कळेना. तिला सांग, गुण आहे तिच्या हाताला.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी साबणाचं. त्यातल्या एका वडीला वासच नव्हता! ज्यांना वास सोसत नाही अशा लोकांसाठी ही तसे साबण करते, त्यातलाच एक तुला मुद्दाम पाठवला होता. 'दोन्हींचा वास छान' वाचून आम्ही आठवडाभर हसतोय. ही म्हणते, ताईंनी वडीवरचा कागदसुद्धा सोडवला नसेल, पण गोड बोलायला विसरल्या नाहीत. रागावली नाहीये. थोडीशी.

आता बाटल्या. पहिल्या दोघींत जॅमवाला पाहुणा सगळी खुर्ची अडवून बसलाय. तिसरी आणि चौथीमध्ये चौथी बरी, पण मिरी नाकात जाते. मग पाचवी. ताई, पाचवी उघडली तेव्हा आम्ही पाव, चीज आणि भाजलेले बटाटे घेऊन बसलो होतो. आधी चेरी आली, मग आलुबुखार, चामडं अगदी दारामागे उभं, आणि गिळल्यावर मिरी हलकेच. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. मी लिहून घ्यायला पेन काढलं होतं. आणि मग ही तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागली, मी दुकानाच्या भाड्याबद्दल, आणि बाटली संपल्यावर आठवलं की आपण वाइनबद्दल बोलणार होतो.

मला वाटतं तीच ती. नवा चष्मा लावून माणूस दुकानाबाहेर पडतो तेव्हा रस्त्याकडे बघतो, चष्म्याकडे नाही. तशी आहे ही वाइन.

तुझा ठोंब्या


३ मे

चि. ठोंब्या,

वाइन बाजारात आली. पाचवीच घेतली, थोडा आंबटपणा वाढवून. मालक खूश आहेत. तुझी मदत झाली. पत्र लिहायला उशीर झाला, राग मानू नकोस. तळघराचा मुकादम बदलला, त्यामुळे सगळं माझ्यावर येऊन पडलंय. सवडीने बाटली पाठवीन.

ताई


२२ मे

ताईस नमस्कार,

बाटली पाठवायची तसदी घेऊ नकोस. मी विकत घेतली. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात अगदी पुढच्या फळीवर आहे. आधी हे लिहितो, कारण ते खरं आहे: वाइन फार चांगली झाली आहे. आंबटपणा वाढवलास त्याने चेरी उठून दिसते, आणि तुरटपणा जिभेला हात लावून निघून जातो. या किमतीत असं काही मिळेल असं कोणाला वाटणार नाही.

गेल्या रविवारी साडूकडे जेवायला होतो. त्याने ती बाटली काढली आणि एक मासिकही. त्यात तुझा फोटो आणि मुलाखत. त्याने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. 'नवा चष्मा लावून माणूस रस्त्याकडे बघतो, चष्म्याकडे नाही.' गोडगोड बोलणारा पाहुणा. दारामागे उभं राहिलेलं चामडं. सगळं तुझ्या तोंडी. बाटलीच्या मागच्या कागदावरही तेच.

मी म्हणालो, 'हे माझं आहे. मी लिहिलं होतं तिला.'

सगळे हसले. साडू म्हणाला, 'हो का? मग मीपण चंद्रावर जाऊन आलोय.' मी पुढे काही बोलायला गेलो तर माझेच कान तापले, शब्द एकमेकांत अडकले, आणि ते अजून हसले. ही हसली नाही. पण घरी येताना रस्त्यात तिने विचारलं, 'तुम्ही खरंच तसंच लिहिलं होतं ना?'

ती माझ्या शेजारी बसून प्यायली होती, ताई. तिलाही शंका आली.

वाक्यं तू ठेव. मला एवढंच विचारायचंय, की मागितली असतीस तर मी नाही म्हणालो असतो का?

ठोंब्या. (या नावाचा अर्थ आता नीट कळला.)


१ जून

भाऊ,

दोन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

मला वास येत नाही. हिवाळ्यात ताप आला होता, तो उतरला आणि वास बरोबर घेऊन गेला. एकदा दूध करपलं तेव्हा आधी डोळ्यांत धूर गेला, मग कळलं. मी घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं काढून नाक खुपसत बसले. कॉफी, व्हिनेगर, रॉकेल. काही नाही. वहिनीचे साबण मी किती वेळ नाकाशी धरून बसले होते, तुला काय सांगू. मग अंदाजाने लिहिलं.

माझं नाक म्हणजे माझी नोकरी. कामावर मी ग्लास फिरवायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे. जिभेला आंबट-गोड-तुरट कळतं, तेवढ्यावर निभावलं. बाकीचं तुझ्या पत्रांतून पाठ करून बोलले. मासिकवाल्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे माझे शब्दच नव्हते. 'माझ्या भावाचे आहेत' म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग तुमचं काय मत? त्या प्रश्नाला मी घाबरले.

पण याहून वाईट पुढे आहे. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

पिंपातली वाइन हळूहळू कमी होते. वरून भर घालावी लागते, नाहीतर आत हवा शिरून ती बिघडते. ते काम मुकादमाचं, आणि वास घेऊन तपासायचं काम माझं. मार्चमध्ये एका मोठ्या पिंपाचं झाकण नीट बसत नव्हतं. वाइनला नेलपॉलिशसारखा वास यायला लागला असणार. जिभेला हे फार उशिरा कळतं. मी वाकले, मान डोलवली, 'ठीक आहे' म्हणाले. पुढे माझ्या सहायकाने ते उघडलं तेव्हा सगळं पिंप वाया गेलं होतं. मालकांनी मला विचारलं. मी म्हणाले, 'मी तपासलं तेव्हा चांगलं होतं.'

म्हणजे त्यानंतर बिघडलं. म्हणजे मुकादमाने भर घातली नाही. एवढा अर्थ मालकांनी स्वतः काढला, मी फक्त गप्प राहिले. तो सगळ्यांसमोर म्हणत होता, 'मी भरलं होतं, बाईंना विचारा.' आणि मी हातातल्या ग्लासाकडे बघत होते. त्याला त्याच दिवशी काढलं.

तू साडूकडे बसलास तसा तो उभा होता. तुझं पत्र वाचून मला ते पहिल्यांदा नीट दिसलं.

ताई


७ जून

ताई,

मला राग होता की तू माझी वाक्यं घेतलीस. आता वाटतं, तेवढंच असतं तर किती बरं झालं असतं.

माझ्याकडे लोक अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. लायसन्स जाईल, नोकरी जाईल म्हणून. एक ट्रकवाला आला होता. त्याने शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवली. मी आदल्या आठवड्यातच तक्ता बदलला होता. मला हसू आलं, आणि मग तो ट्रक कुठल्या रस्त्याने जातो ते आठवून घाम फुटला. त्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. घाबरलेला होता. पण सही मी दिली नाही.

साबणावरून आम्ही हसलो त्याची आम्हा दोघांनाही लाज वाटते. हिने तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ती म्हणते, ताईंना इकडे घेऊन या, इथे नाकाचा चांगला डॉक्टर आहे. जरूर ये.

पण त्याआधी मुकादम. माझं सोड, माझं काय, मी चार लोकांत हसं झालो आणि घरी येऊन जेवलो. त्याचं घर कशावर चालतंय? मालकांना सांग. सगळं सांग.

आणि एक. आंबट-तुरटाचा तो तोल तुझ्या जिभेचाच आहे. त्यात मी काही केलेलं नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, नुसतं खरं म्हणून लिहितोय.

भाऊ


१५ जून

भाऊ,

मालकांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, 'वाइन खपतेय. दुकानदार परत मागवताहेत. आता हे बाहेर काढून कोणाचं भलं होणार आहे? मुकादम एव्हाना दुसरीकडे लागला असेल. तुम्ही जिभेचं बघा, नाकाचं सहायक बघेल. आपल्या दोघांतच राहू द्या.'

तुला सांगायला जीभ रेटत नाही, पण मला हायसं वाटलं. त्यांनी चहा मागवला, मी तो प्यायले. बिस्किटसुद्धा खाल्लं. दुसरं हातात होतं, ते रस्त्यावर आल्यावर कुत्र्यापुढे टाकलं.

मी सांगायचं ते सांगितलं ना? आता अजून काय करू?

ताई


१९ जून

ताई,

तू चुकीच्या माणसाला सांगितलंस.

मालकांचं पिंप गेलं, ते दुसरं भरतील. ज्याचं नाव गेलं त्याला जाऊन सांग. मी बरोबर येऊ का? दुकान एक दिवस बंद ठेवीन.

भाऊ


८ जुलै

भाऊ,

तू आला असतास तर मी तुझ्या मागे लपले असते, म्हणून तुला बोलावलं नाही.

आधी मालकांकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. ते चिडले. शेवटी अंगणात सगळ्यांना जमवून मीच सांगितलं. बाटल्या भरणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मग बघेनाशा झाल्या. सहायक म्हणाला, 'मला थोडं वाटलं होतं.' तो इतके महिने मला सांभाळून घेत होता हे ऐकून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आता तपासणी त्याच्याकडे आहे, मी बाटल्यांच्या विभागात बसते. मुकादमाला परत बोलावणारं पत्र मालकांकडून सही करून घेतलं. मासिकालाही लिहिलं, की ती वाक्यं माझ्या मामेभावाची आहेत, तो चष्म्याचं दुकान चालवतो. छापतील की नाही ठाऊक नाही. छापलं तर तुझ्या साडूला अंक मीच पाठवीन.

मग मुकादमाचं घर शोधत गेले. एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. हल्ली एका गोदामात माल चढवायला जातो. दार त्यानेच उघडलं. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, मालकांचं पत्र पुढे केलं. त्याने ते घडी न उलगडता टेबलावर ठेवलं.

मग म्हणाला, 'मी घरी रोज सांगायचो, मी भरलं होतं. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, नसेल भरलं. रात्री झोपेत मी पिंपं मोजायचो, बाई.'

मी माफी मागितली. त्याने आतून बायकोला आणि म्हाताऱ्या वडिलांना बोलावलं आणि म्हणाला, 'आता यांच्यासमोर सांगा.'

मी परत सांगितलं. भाऊ, मला वाटलं होतं एकदा बोलून टाकलं की लाज कमी होते. तसं होत नाही. त्याची बायको पदराला हात पुसत ऐकत होती आणि पुसतच राहिली. वडिलांनी फक्त मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

मला वाटलं, आता निघावं. पण त्याने चपला घातल्या. म्हणाला, 'या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे मला का काढलं ते. चला.'

तो जिन्यात पुढे, मी मागे. पहिल्या मजल्यावर एक शिंपी राहतो, त्याला सांगितलं. समोरच्या दारातल्या बाईला सांगितलं, ती पोराला कडेवर घेऊन ऐकत होती. दुसऱ्या मजल्यावर दोन दारं. प्रत्येक दाराशी तो बेल वाजवायचा, बाजूला सरकायचा, आणि मी माझं नाव, माझं काम, मग माझी करणी सांगायची. एकानेही मला मध्ये थांबवलं नाही.

सगळ्यात वरच्या दाराची बेल वाजवून तो भिंतीला टेकून उभा राहिला. आतून कोणीतरी हळूहळू चालत येत होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

'इथे जरा मोठ्याने सांगा. आजींना कमी ऐकू येतं.'

दार उघडलं. मी मोठ्याने सांगितलं.

ताई